वाचकांचे प्रश्न : मोबाइल पुरेल, की वेगळा कॅमेरा घ्यावा?

फोटोग्राफीविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक भागांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. बहुतेकांच्या मनातली अडचण एकच आहे : हातात चांगला मोबाइल असताना कॅमेऱ्यासाठी पैसे घालावेत का?

प्रश्न : माझ्या मोबाइलचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे. थोरल्या भावाचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचाच, तरी त्याचे फोटो जास्त चांगले येतात असं तो म्हणतो. खरं काय? — टिळकवाडी, बेळगाव

मेगापिक्सेल म्हणजे चित्रात ठिपके किती, एवढंच. त्या ठिपक्यांवर उजेड किती पडला, हे त्या आकड्यातून कळत नाही. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे लेन्समागचा उजेड टिपणारा भाग, साधारण ८ बाय ६ मिलिमीटरचा असतो. तुमच्या भावाच्या कॅमेऱ्यात बहुधा एपीएस-सी सेन्सर असेल, तो २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे सातपट. त्याहून मोठा फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे मोबाइलच्या जवळजवळ अठरापट. एवढ्याशा जागेत ५० मेगापिक्सेल बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड फार कमी येतो. म्हणून मोबाइल शेजारचे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० मेगापिक्सेलचा मोबाइलही बहुतेक वेळा सोळा-सोळा ठिपके जोडून तेवढ्यावरच येतो.

पण इथे एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कॅमेऱ्यासोबत १८-५५ मिलिमीटरची जी लेन्स मिळते, तिचं तोंड ५५ मिलिमीटरवर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. मोबाइलची लेन्स एफ/१.८ असते. एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. सेन्सरच्या तेवढ्याच तुकड्यावर ती जवळजवळ दहापट उजेड टाकते. सेन्सर सातपट मोठा, पण लेन्स दहापट अंधारी! म्हणजे घरात, संध्याकाळी, त्या लेन्सने झूम केलं की कॅमेऱ्याचा फायदा संपलाच. वर मोबाइल एका फोटोसाठी अनेक फोटो काढून एकत्र जुळवतो, ते काम कॅमेरा आपणहून करत नाही. एफ/१.८ ची ५० मिलिमीटर लेन्स लावा, मग सातपट सेन्सर खरोखर कामाला येतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. सोबत आलेली एकच लेन्स लावून कायम वापरणार असाल, तर कॅमेरा घेऊ नका. कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात ते दुसऱ्या लेन्समुळे.

प्रश्न : शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि कपिलेश्वर तलावावरचं गणपती विसर्जन, दोन्हींचे फोटो मोबाइलवर धड येत नाहीत. देखावा पांढराफटक, माणसं पुसल्यासारखी. कधी कधी आडव्या काळ्या पट्ट्याही येतात. मोबाइलचा दोष आहे का? — गणपत गल्ली, बेळगाव

तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

माणसं पुसली जातात ती नाइट मोडमुळे. या मोडमध्ये मोबाइल एक ते तीन सेकंद उजेड गोळा करत राहतो. किल्ल्याची भिंत किंवा थांबलेला रथ त्यात छान येतो. लेझीम खेळणारी पोरं मात्र तेवढ्या वेळात चार पावलं टाकून मोकळी झालेली असतात. मिरवणुकीत नाइट मोड बंदच ठेवा.

देखावा पांढरा पडतो, कारण मोबाइल आजूबाजूचा अंधार बघून सगळंच उजळ करतो. स्क्रीनवर रथाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट टेकवा, शेजारी सूर्याची खूण येईल, ती खाली ओढा. मूर्तीच्या चेहऱ्याचा रंग दिसू लागला की थांबा. मागची गर्दी काळी पडली तरी चालेल. काळं पडलेलं नंतर थोडं उजळता येतं, पांढरं पडलेलं काहीही केलं तरी परत येत नाही.

आडव्या पट्ट्यांचं कारण विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. मोबाइलचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, फार कमी असेल तर काही ओळी उजेडाच्या क्षणी वाचल्या जातात, काही अंधाराच्या. कॅमेऱ्याचे आकडे स्वतः ठरवू देणाऱ्या प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की दिव्याचं पूर्ण आवर्तन मावतं आणि पट्ट्या जातात. मोठ्या एलईडी पडद्यांचं लुकलुकणं याहून वेगळं असतं, तिथे १/६०, १/८० असं सरकवून बघावं लागतं.

तेव्हा मिरवणुकीसाठी मोबाइलवर एवढं करा : प्रो मोड, शटर १/१००, आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ८०० ते १६००, मुख्य १ एक्स लेन्स. झूम करू नका, पुढे सरका. झूमची लेन्स जास्त अंधारी असते, आणि अंधारात पुष्कळ मोबाइल ती वापरतच नाहीत, मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करून दाखवतात. फ्लॅश दोन-तीन मीटरपलीकडे पोचत नाही. १/१०० ला चालणारा माणूस स्थिर येतो, ढोलावर पडणारा हात हलतो. काठी वर जाऊन क्षणभर थांबते त्या वेळी बटण दाबा, हात स्थिर येईल. आणि आधी लेन्स सुती रुमालाने पुसा. बोटाचा तेलकट डाग असेल तर प्रत्येक दिव्याला लांब शेपूट फुटते आणि लोक दोष कॅमेऱ्याला देतात.

कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स, शटर १/२००, आयएसओ ३२०० पासून सुरुवात. पट्ट्या आल्या तर १/१०० वर या. रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीत कॅमेरा खरोखर वरचढ ठरतो, पण याच लेन्सने.

प्रश्न : शहापुरात आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विक्री करतो. रामा रंग निळा दिसतो, डाळिंबी भडक लाल. "फोटोत वेगळी होती" म्हणून साड्या परत येतात. कॅमेरा घेतला तर रंग खरे येतील का? — शहापूर, बेळगाव

कॅमेऱ्यावर खर्च करू नका. तुमची अडचण उजेडाची आहे आणि ती कॅमेऱ्यातही तशीच राहील.

दुकानात सहसा एका बाजूने ट्यूबचा उजेड, दुसऱ्या बाजूने दारातून दिवसाचा. दोन्हींचे रंग वेगळे. मोबाइल दोहोंचा मध्य काढतो आणि साडीची एक कड निळसर, दुसरी पिवळट होते. आधी सगळे दिवे बंद करा. साडी खिडकीजवळ किंवा सोप्यात, जिथे थेट ऊन पडत नाही पण भरपूर उजेड आहे, अशा जागी पसरा. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ बरी. शेजारची भिंत हिरवी किंवा गुलाबी रंगवलेली असेल तर तिचा रंग कापडावर उतरतो. तिच्यावर पांढरी चादर टांगा.

आता प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारा आकडा, आपोआप न ठेवता ५५०० ते ६५०० केल्विनमध्ये पक्का करा. साडीवर कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा. कागद निळसर दिसला तर आकडा थोडा वाढवा, पिवळसर दिसला तर कमी करा. कागद पांढरा दिसला की मग कागद काढून सगळ्या साड्या त्याच आकड्यावर घ्या. दृश्य ओळखून रंग खुलवणारी जी एआयची सोय असते ती सेटिंगमधून बंद करा. लाल आणि हिरवा भडक होतो तो बहुधा तिच्यामुळेच.

डाळिंबीची आणखी एक खोड आहे. गडद लाल कापडात सेन्सरचा लाल भाग भरून वाहतो, विणीचे बारकावे जातात आणि सपाट रंगाचा पट्टा उरतो. असा फोटो ०.७ ने कमी उजळ घ्या (प्रो मोडमधला ईव्हीचा आकडा उणे ०.७). काळी चंद्रकळा घेतानाही कमीच करा, कारण मोबाइल काळ्याला राखाडी करू बघतो. पांढऱ्या-मोतिया साडीला उलट ०.७ वाढवा.

जरीसाठी उजेड समोरून नको, एका कुशीने पडू दे. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावली सौम्य होते. काठाची बारीक वीण फोटोत लाटा-लाटांची दिसू लागली, तर ती वीण आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी यांची टक्कर झालेली असते. मोबाइल वीतभर पुढे-मागे केला की लाटा जातात. मीटर-दीड मीटरवरून २ एक्सवर फोटो घ्या, म्हणजे साडीच्या कडा वाकड्या दिसत नाहीत.

एवढं करूनही गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर रंग बदलतो, कारण पुष्कळ मोबाइलांत पडदा मुळातच भडक ठेवलेला असतो. म्हणून फोटोसोबत रंगाचं नाव लिहा आणि उन्हाच्या सावलीत घेतलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा. रामा रंग हिरव्या-निळ्याच्या सीमेवरचा आहे, तो तरी नावानिशीच सांगावा.

प्रश्न : मुलीच्या बारशाचा फोटो १२ बाय १८ इंचांत छापून घेतला, फार पुसट आला. मोबाइलमध्ये तर सुरेख दिसतो. — निपाणी

स्टुडिओला तो व्हॉट्सॲपवर पाठवला असणार. साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० ठिपक्यांपर्यंत आक्रसतो. १८ इंचांत ते पसरले की इंचाला ९० सुद्धा उरत नाहीत, आणि चांगल्या छपाईला किमान २०० लागतात. मूळ फोटो ४००० ठिपक्यांचा असेल तर इंचाला २२० मिळतात, म्हणजे मोबाइलचा फोटो या मापाला पुरतो. तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. मूळ फाइल अजून असेल तर पुन्हा छापून घ्या.

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून जंगल आहे, धनेश येतात. १०० एक्स झूमचा मोबाइल घेतला तर पक्ष्यांचे फोटो मिळतील का? — खानापूर तालुका

पक्ष्यांसाठी मोबाइल पुरत नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. मोठा धनेश साधारण मीटरभर लांब धरू आणि तो ४० मीटरवरच्या झाडावर बसला आहे असं समजू. मोबाइलची ५ एक्स लेन्स त्याला फोटोच्या रुंदीचा बारावा भाग देते. ४००० ठिपक्यांत पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ३३०. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटर लेन्स लावली तर तोच पक्षी जवळजवळ एक-तृतीयांश रुंदी व्यापतो आणि २४ मेगापिक्सेलमध्ये त्याला १८०० हून जास्त ठिपके मिळतात. मोबाइलच्या ५ एक्सवरून ३० एक्सवर जाणं म्हणजे चित्राचा छत्तिसावा तुकडा कापून ताणणं. १०० एक्सवर दिसणारी पिसं बरीचशी सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेली असतात.

बसलेल्या पक्ष्याला हातात धरून १/५००, उडत्याला १/१६०० शटर लागतं. इतक्या वेगाला सकाळच्या दाट झाडीत आयएसओ १६०० च्या पुढे जातोच, म्हणून सेन्सर मोठाच हवा. खर्च झेपत नसेल तर ८ बाय ४२ ची दुर्बीण आणि तिच्या डोळ्याशी मोबाइल पकडणारा क्लॅम्प, हा मधला मार्ग आहे. नोंदीपुरते फोटो मिळतात, आणि दुर्बीण तशीही कामाची.

एक कळकळीची विनंती. विणीच्या काळात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि एका फटीतून नर तिला भरवतो. ढोलीजवळ माणूस घुटमळला तर नर येत नाही आणि आतली उपाशी राहतात. घरटं सापडलं तर दूर व्हा, जागा कुणाला सांगू नका. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका.

प्रश्न : चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडाऱ्याने कॅमेरा पिवळा झाला. पुसला तर लेन्सवर ओरखडे दिसतात. आता पावसाळ्यात कपाटात ठेवायचीही भीती वाटते. — रायबाग तालुका

भंडारा पुसायचा नसतो, आधी उडवायचा असतो. त्यात बारीक खरखरीत कण असतात, ते कापडाने घासले की लेन्सवरचा लेप खरवडला जातो. रबरी फुग्याच्या ब्लोअरने लेन्स खाली तोंड करून झटका, मग मऊ ब्रशने, आणि अगदी शेवटी मायक्रोफायबरला लेन्स-द्रवाचा एक थेंब लावून मधून बाहेर गोल फिरवत पुसा. द्रव थेट काचेवर सोडू नका. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे शिंतोडे बसतात.

चिंचली, सौंदत्ती, मंगसुळी, जिथे जिथे भंडारा उधळतात, तिथे लेन्स बदलायचीच नाही. घरून निघताना एक लेन्स लावा, पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे राखणीची पारदर्शक काच, चढवा. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी घालून लेन्सच्या तोंडाशी रबर लावा आणि तेवढं छिद्र पाडा. अशा ठिकाणी मोबाइल जास्त सोयीचा. फक्त चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावून न्या, नाहीतर हळदीची पूड आत घट्ट बसते आणि चार्जर धरत नाही.

पावसाळ्यात बुरशीचा धोका खराच आहे, खानापूरच्या पश्चिमेला तर फारच. हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर दिवसेंदिवस राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात आणि लेप कायमचा खातात. चामड्याची केस आणि बंद लाकडी कपाट या दोन जागा सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा १० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू दे. नारिंगी जेल हिरवट झालं की मंद आचेवर वेगळ्या भांड्यात परतून पुन्हा नारिंगी करा. ते भांडं स्वयंपाकाला वापरू नका. तांदळात कॅमेरा पुरण्याचा उपाय मात्र नको, त्याचा भुगा बटणांत शिरतो. आणि दर आठवड्याला कॅमेरा काढून चार फोटो घ्या. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहज धरत नाही.

प्रश्न : घरात पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आणि जुने फोटो आहेत. कागद चुरतायत. मोबाइलने काढून ठेवले तर चालतील का, की स्कॅनर हवा? — येळ्ळूर

मोबाइल पुरतो, आणि चुरणाऱ्या कागदाला तो स्कॅनरपेक्षा सुरक्षित, कारण पालथा घालून दाबावा लागत नाही. हे काम पुढे ढकलू नका.

ए४ एवढा कागद चौकट भरून १२ मेगापिक्सेलमध्ये घेतला की इंचाला ३४० ठिपके मिळतात. मोडीचं वळण वाचायला ते भरपूर झाले. लांब कागद असेल तर तुकड्यातुकड्याने घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्याचा पाव भाग येऊ द्या. कागद जमिनीवर, खाली गडद कापड, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड. डोक्यावरचा दिवा बंद, नाहीतर मोबाइलचीच सावली पडते. फ्लॅश नको. मोबाइल कागदाशी समांतर हवा : दोन स्टुलांवर फळी टाकून तिच्या कडेला मोबाइल बाहेर काढून ठेवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

स्कॅनर ॲपची काळी-पांढरी पद्धत वापरू नका. फिकट पडलेली शाई तिला डाग वाटते आणि ती पुसून टाकते. शिक्क्यांचा रंगही जातो, जो पुढे वाचणाऱ्याला उपयोगी असतो. रंगीतच ठेवा. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या, पुष्कळदा तिथे शेरा किंवा तारीख असते.

घड्या इस्त्रीने मोडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढू नका. काचेतूनच काढा, आणि प्रतिबिंब टाळायला काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून मोबाइलची लेन्स बाहेर काढा. फाइली दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण मोबाइलबाहेरचं असू दे.

प्रश्न : गोकाकच्या धबधब्याचं पाणी दुधासारखं वाहताना दाखवायचं आहे. — गोकाक

शटर साधारण अर्धा सेकंद उघडं हवं. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला १/१०० पुरतं, म्हणजे पन्नासपट उजेड अडवायला हवा : एनडी-६४ फिल्टर (उजेड चौसष्टाव्या भागावर आणणारी काळपट काच) आणि तिवई. ढगाळ पावसाळी दिवशी एनडी-८ भागतो. मोबाइलचं तोंड लहान करता येत नाही, पण त्यातली "लाँग एक्स्पोजर" सोय अनेक फोटो एकत्र करून तसाच परिणाम देते. मोबाइल कठड्यावर टेकवा आणि टायमर लावा. तुषारांनी लेन्स दर दोन मिनिटांनी ओली होते, कोरडा रुमाल खिशात ठेवा.

प्रश्न : एकूण ४० हजार रुपये आहेत. नवा मोबाइल घेऊ की वापरलेला कॅमेरा? घरात दोन लहान मुलं आहेत, वर्षातून एखादी सहल. — हिंडलगा

मुलं वर्षभराची असोत की दहा वर्षांची, त्यांचे फोटो खिशातल्या कॅमेऱ्यानेच जास्त निघतात. सध्याचा मोबाइल चार-पाच वर्षं जुना असेल तर आधी तो बदला. तो ठीक असेल, आणि मुलांचे मागचं धूसर झालेले फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे स्टेजवरचे फोटो हवे असतील, तर वापरलेला एपीएस-सी कॅमेरा घ्या आणि पैशातला एक भाग ५० मिलिमीटर एफ/१.८ साठी आधीच बाजूला काढा.

जुना कॅमेरा घ्यायला दिवसा जा. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. साध्या डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) शटर लाखभर फोटोंच्या अंदाजाने बनवलेलं असतं, ४० हजारांच्या आत असेल तर निर्धास्त. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरपं बघा. थोडी धूळ चालते. जाळं दिसलं तर ती लेन्स स्वस्तातही घेऊ नका, घरातल्या चांगल्या लेन्सलाही बुरशी लागते. एफ/१६ वर आकाशाचा फोटो काढून मोठा करा, काळे ठिपके सेन्सरवरची धूळ दाखवतात. ती साफ होते, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर मूळचा आहे ना, कार्ड आत नीट बसतं ना, हे बघा. शेवटी जवळची आणि दूरची वस्तू आळीपाळीने फोकस करून वीस फोटो काढा आणि ते सगळे मोठे करून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.